घटक ५ : शाळेतील प्रतिज्ञा – एका वादविषयाची वैचारिक मांडणी

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला एखाद्या वादविषयात गुंतलेले निरनिराळे प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येतील. वादाच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ तपासून त्यावर युक्तिवाद उभारता येईल. आणि प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मांडून मगच स्वतःची भूमिका घेण्याची सवय लावता येईल.

५.२ प्रस्तावना

वैचारिक निबंधासाठी विषय निवडताना विद्यार्थी बहुधा दूरचे पाहतात. जागतिकीकरण, पर्यावरण, प्रसारमाध्यमे असे मोठे विषय घेतले की निबंधही मोठा होईल, असा एक समज असतो. या घटकात आपण मुद्दाम जवळचा विषय घेतला आहे. महाराष्ट्रात शाळेची पायरी चढलेल्या कोणालाही झोपेतून उठवून म्हणायला सांगितला तरी न अडखळता म्हणता येईल असा एक गद्य उतारा आहे. तो पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच्या पानांवर छापलेला असतो. परिपाठाच्या वेळी, उजवा हात समोर धरून, पुढे उभ्या असलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या मागोमाग सारी शाळा तो म्हणते. तुमच्यापैकी काहींनी तो विद्यार्थी म्हणून म्हटला, काही जण आज शिक्षक म्हणून तो म्हणवून घेत असतील, आणि काहींची मुले उद्या सकाळी तो म्हणणार आहेत.

शाळकरी मुलांनी राष्ट्रनिष्ठेची प्रतिज्ञा म्हणावी काय? प्रश्न इतक्या सरळ शब्दांत विचारला की उत्तरही तितकेच सरळ येते, ‘अर्थातच म्हणावी’. पण थोडे थांबा. या एका वाक्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. मुलांच्या मनात देशाविषयी आपुलकी रुजावी काय, हा पहिला. आज जो मजकूर म्हटला जातो तो चांगला आहे काय, हा दुसरा. आणि तो प्रत्येक मुलाने म्हटलाच पाहिजे काय, न म्हणणाऱ्याचे काय करावे, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांना होकार देणारा माणूस तिसऱ्याला नकार देऊ शकतो, आणि त्यात कोणतीही विसंगती नाही. आपल्या सार्वजनिक चर्चेत मात्र पहिल्याचे उत्तर मिळाले की तिसऱ्याचेही मिळाले असे गृहीत धरले जाते. वादाची बरीचशी धूळ या घाईमुळेच उडते. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा वाद तिसऱ्या प्रश्नाचा आहे आणि पुढील विवेचन मुख्यतः त्याभोवतीच फिरेल.

५.३ शब्दापासून आरंभ

मराठीच्या विद्यार्थ्याने अशा वादात शिरण्याची वाट शब्दकोशातून जाते. शपथ, वचन, आण, पण, प्रतिज्ञा हे शब्द आपण जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. तरीही त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे पाहा. वचन ‘देतात’. प्रतिज्ञा ‘करतात’. शपथ मात्र ‘घेतात’ही आणि ‘घालतात’ही. मंत्री शपथ घेतो. आई मुलाला गळ्याची शपथ घालते. घेतलेल्या शपथेचा कर्ता शपथ घेणारा स्वतः असतो. घातलेल्या शपथेत बांधला जाणारा एक आणि बांधणारा दुसरा. त्याचप्रमाणे ‘वदणे’ आणि ‘वदवणे’, ‘म्हणणे’ आणि ‘म्हणवून घेणे’ या जोड्या घ्या. प्रयोजक रूपाने मराठी भाषा बोलणाऱ्याच्या तोंडातील शब्द आणि त्यामागची इच्छा वेगवेगळ्या माणसांच्या असू शकतात, हे किती सहज दाखवून देते! परिपाठातील प्रतिज्ञा ही घेतलेली शपथ आहे की घातलेली, हा आपल्या वादाचा गाभा आहे.

‘प्रतिज्ञा’ या शब्दाभोवतीच्या आठवणी या दृष्टीने उद्बोधक आहेत. देवव्रताने आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली आणि तो भीष्म झाला. ती प्रतिज्ञा त्याच्यावर कोणी लादली नव्हती. ती करताना काय गमवावे लागणार हे त्याला ठाऊक होते, आणि तिची किंमत त्याने आयुष्यभर मोजली. म्हणून तर मराठीत ‘भीष्मप्रतिज्ञा’ हा शब्द रूढ झाला. कचेरीतल्या मराठीत आपण ‘प्रतिज्ञापत्र’ करतो, तेव्हाही त्यावर सही करणारा सज्ञान असावा आणि खोटे ठरल्यास त्याने परिणाम भोगावेत, अशी अपेक्षा असते. समजून बोलणे, नाही म्हणण्याची मोकळीक असणे आणि परिणामांची जबाबदारी घेणे या तीन गोष्टी असल्या तरच प्रतिज्ञा ही प्रतिज्ञा ठरते.

भाषेच्या तत्त्वज्ञानात हाच विचार वेगळ्या मार्गाने आला आहे. इंग्रज तत्त्वचिंतक जे. एल. ऑस्टिन यांनी असे दाखवून दिले की काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते. ‘मी वचन देतो’ असे म्हणणारा वचन देण्याच्या क्रियेचे वर्णन करीत नाही. तो तेथेच वचन देत असतो. मात्र ही कृती घडण्यासाठी परिस्थिती योग्य असावी लागते. नाटकातील नट रंगमंचावर लग्नाचे वचन देतो, पण त्याने तो बांधला जात नाही. ऑस्टिन यांची ही व्याख्याने त्यांच्या निधनानंतर १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भारतीय प्रतिज्ञा लिहिली गेली तीही त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवण्यास सोपा.

आणखी एक अर्थ आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. येथे प्रतिज्ञा म्हणजे सिद्ध करावयाचे विधान. ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा. धूर हा हेतू. स्वयंपाकघर हे उदाहरण. म्हणजे प्रतिज्ञा हे अनुमानाचे पहिले पाऊल आहे. ती उच्चारली म्हणून सिद्ध होत नाही. या अर्थाकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

५.४ मजकुराची जडणघडण

भारतीय प्रतिज्ञेचे लेखक पैडिमर्री वेंकट सुब्बाराव. आजच्या तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यातले हे तेलुगू लेखक विशाखापट्टणम येथे कोषागार अधिकारी होते. १९६२ साली, चीनशी संबंध बिघडत चालले असताना, त्यांनी हा मजकूर तेलुगू भाषेत लिहिला. प्रथम तो विशाखापट्टणमच्या शाळांत म्हटला गेला. पुढे एम. सी. छागला केंद्रीय शिक्षणमंत्री असताना, १९६४ साली बंगळूर येथे भरलेल्या केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या बैठकीत तो देशभर स्वीकारावा असे ठरले आणि २६ जानेवारी १९६५ पासून तो सर्वत्र आला. सुब्बाराव १९८८ साली वारले. ज्यांचे शब्द कोट्यवधी मुलांनी रोज उच्चारले त्यांचे नाव मात्र बहुतेकांनी कधी ऐकलेले नसते, कारण पाठ्यपुस्तकात राष्ट्रगीताच्या कवीला जी ओळख मिळाली ती प्रतिज्ञेच्या लेखकाला मिळाली नाही.

आता मजकुराकडे वळू. पुस्तक उघडून समोर ठेवा आणि केवळ क्रियापदांवर पेन्सिलीने खुणा करा. आरंभीची वाक्ये ‘आहे’ या क्रियापदाने संपतात. ती विधाने आहेत. मग भविष्यकाळ येतो : प्रयत्न करीन, मान ठेवीन, सौजन्याने वागेन. हे संकल्प झाले. ‘करीत आहे’ असे वर्तमानकाळी रूप केवळ निष्ठेच्या वाक्यात येते, आणि ऑस्टिन यांच्या अर्थाने खरी प्रतिज्ञा तेवढ्या एका वाक्यातच घडते. सबंध उताऱ्याला आपण ज्या नावाने ओळखतो ती क्रिया त्यातील एकाच वाक्यात आहे, ही गोष्ट रोज म्हणताना क्वचितच ध्यानात येते.

या निष्ठेचा विषय कोणता? देश आणि देशबांधव. ध्वजाचा उल्लेख नाही, शासनाचा नाही, राज्यकर्त्याचा नाही, कोणत्या देवतेचाही नाही. निष्ठा भूमीबरोबरच माणसांवर ठेवली आहे आणि स्वतःचे सुख त्यांच्या कल्याणात पाहिले आहे. जगातल्या अशा मजकुरांशी तुलना करता हे वैशिष्ट्य ठळकपणे उठून दिसते, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे मजकूर चांगला आहे काय याचे, माझे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी असण्याचे कारण हेच आहे. मराठी अनुवादातील ‘पाईक’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई. तुकोबांच्या गाथेत पाइकीचे अभंग आहेत. तेथे हा शब्द स्वामीवरील निष्ठेच्या अर्थाने भक्तीच्या प्रदेशात आला. तिसरीतल्या मुलाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने तो एक नादमय, अनाकलनीय शब्द असतो. तीच गत ‘सौख्य सामावणे’ या रचनेची. (वर्गावर्गांतून ‘बांधव’ या शब्दावर होणारे विनोद तुम्हाला आठवत असतीलच, मुले आपल्या परीने अर्थाचा विचार करतात याचा तो एकमेव पुरावा म्हणावा लागेल.)

स्वयं-अध्ययनासाठी : प्रतिज्ञेतील वाक्यांचे विधान, संकल्प आणि भाषिक कृती असे वर्गीकरण करा. कोणते वाक्य दोन वर्गांत बसते?

५.५ अमेरिकेतील दोन निर्णय

या वादाचा सर्वांत दीर्घ आणि कडवट इतिहास अमेरिकेत घडला. तेथील निष्ठाप्रतिज्ञा १८९२ साली फ्रान्सिस बेलामी या समाजवादी विचारांच्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने लिहिली. कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने ‘द यूथ्स कंपॅनियन’ या मुलांच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. तिच्यात निष्ठा वाहिली आहे ती प्रथम ध्वजाला आणि मग त्या ध्वजामागील प्रजासत्ताकाला. मूळ मजकुरात ‘माझ्या ध्वजाला’ एवढेच होते. स्थलांतरितांच्या मुलांच्या मनात मायदेशाचा ध्वज येऊ नये म्हणून १९२३–२४ मध्ये देशाचे नाव घालण्यात आले. प्रतिज्ञा म्हणताना हात ध्वजाच्या दिशेने लांब करण्याची पद्धत होती. पुढे ती नाझी अभिवादनासारखी दिसू लागली, तेव्हा १९४२ साली हात छातीवर ठेवण्याचा नियम झाला. ईश्वराचा उल्लेख तर १९५४ साली, साम्यवादविरोधी वातावरणात आला. एका प्रतिज्ञेत किती काळांच्या भीती साठलेल्या असतात हे येथे दिसते.

पेनसिल्व्हेनियातील मायनर्सव्हिल या खाणकामगारांच्या गावी यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या कुटुंबातील दोन मुलांनी, बारा वर्षांची बहीण आणि दहा वर्षांचा भाऊ यांनी, ध्वजाला वंदन करण्यास नकार दिला. ईश्वराखेरीज कशालाही वंदन करायचे नाही ही त्यांची श्रद्धा होती. शाळेने त्यांना काढून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३ जून १९४० रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल मुलांच्या विरोधात लागला. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांचा युक्तिवाद सारांशाने असा होता : राष्ट्रीय ऐक्य हा राष्ट्रीय सुरक्षिततेचा पाया आहे, आणि ते ऐक्य कोणत्या उपायांनी साधावे हे न्यायालयाने नव्हे, लोकप्रतिनिधींनी ठरवावे. फ्रान्स कोसळत असतानाचे ते दिवस होते, हे विसरून चालणार नाही. निकालानंतर देशाच्या अनेक भागांत या पंथाच्या लोकांवर जमावांनी हल्ले केले आणि त्यांची मुले शाळांतून काढली गेली.

तीन वर्षांत न्यायालयाने आपलाच निर्णय फिरवला. वेस्ट व्हर्जिनियातील बार्नेट खटल्यात १४ जून १९४३ रोजी, म्हणजे नेमका ध्वजदिनी, सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने सक्ती घटनाबाह्य ठरली. पहिल्या निकालात बहुमताबरोबर असलेल्या तीन न्यायमूर्तींनी आपले मत बदलले होते. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिला. त्यांच्या विवेचनातला लक्षणीय भाग असा की त्यांनी हा प्रश्न केवळ धर्मस्वातंत्र्याचा ठेवला नाही. नागरिकाने काय मानावे आणि कोणती श्रद्धा तोंडाने कबूल करावी हे कोणत्याही अधिकाऱ्याने ठरवता कामा नये, असे व्यापक तत्त्व त्यांनी मांडले. साहजिकच एखाद्याचा नकार धार्मिक नसून निव्वळ वैचारिक असला, तरी त्याला हेच संरक्षण मिळते. आणि हा निकाल युद्धाच्या ऐन धामधुमीत आला, त्यामुळे ‘संकटकाळी असले लाड परवडत नाहीत’ हा आक्षेप घेणाऱ्याला त्याची दखल घ्यावीच लागते.

एक आनुषंगिक गोष्ट. दोन्ही खटल्यांत कुटुंबांच्या आडनावांचे स्पेलिंग न्यायालयीन नोंदीत चुकले आणि ते चुकीचेच कायम राहिले.

५.६ किडंगूर, १९८५

आपल्याकडील प्रकरण केरळातल्या कोट्टायम जिल्ह्यातील किडंगूर गावचे. त्याच पंथाच्या कुटुंबातील तीन भावंडे तेथील शाळेत दहावी, नववी आणि पाचवीत शिकत होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. कित्येक वर्षे यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते. जुलै १९८५ मध्ये ही बाब एका आमदाराच्या नजरेस आली आणि विधानसभेत प्रश्न निघाला. चौकशी झाली, मुले कायदा पाळणारी आहेत, त्यांनी कसलाही अनादर दाखवलेला नाही, असे चौकशीत आढळले. तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने त्यांना २६ जुलै रोजी शाळेतून काढले. वडिलांनी निदान निर्णय लागेपर्यंत मुलांना वर्गात बसू द्यावे अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांचे हे खंडपीठ. त्यांच्या विचाराची साखळी समजून घेण्यासारखी आहे. राष्ट्रगीत गायलेच पाहिजे असे सांगणारा कायदा नाही. १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा गाण्यात अडथळा आणणाऱ्याला शिक्षा सांगतो, न गाणाऱ्याला नाही. घटनेच्या ५१ क या अनुच्छेदाने राष्ट्रगीताचा आदर राखणे हे कर्तव्य सांगितले आहे. पण आदराने उभे राहणे हा आदरच आहे. शिक्षण खात्याची परिपत्रके ही कायदा नव्हेत, त्यामुळे त्यांच्या आधारे मूलभूत हक्कावर निर्बंध घालता येत नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचे स्वातंत्र्य येते. आणि श्रद्धा प्रामाणिक आहे एवढे पाहणे पुरेसे. ती आपल्याला पटते की नाही हा न्यायालयापुढचा प्रश्न नाही.

येथे लेखनाच्या दृष्टीने एक सावधगिरी. हा खटला राष्ट्रगीताचा होता, प्रतिज्ञेचा नव्हे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत दोहोंची सरमिसळ नेहमी होते. न्यायालयासमोरच्या परिपत्रकात राष्ट्रगीतानंतर सर्वांनी एका स्वरात प्रतिज्ञा म्हणावी असाही निर्देश होता, पण निर्णय गाण्याच्या मुद्द्यावर झाला. प्रतिज्ञेला तो साम्याने लागू होतो असे तुम्ही म्हणू शकता, आणि माझ्या मते ते म्हणणे अधिकच बळकट आहे : राष्ट्रगीताचे नाव निदान घटनेत आणि कायद्यात आहे, प्रतिज्ञेचे नाही. शिवाय गीत गाणे आणि ‘मी’ म्हणून वचन देणे यांत दुसरे अधिक खासगी आहे. परंतु हे साम्यानुमान आहे, निर्णय नव्हे, आणि निबंधात ते तसेच लिहिले पाहिजे.

महाराष्ट्रातले एक प्रकरण याच ओळीत बसते. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेतील प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला म्हणून त्याचा वेतनश्रेणीचा लाभ अडवण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. हात जोडण्याची सक्ती हे सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचे उल्लंघन ठरते असे मानले. तो शिक्षक प्रौढ होता, नोकरीत होता आणि न्यायालयात जाऊ शकत होता. नऊ वर्षांच्या मुलाला यांतले काय करता येते?

५.७ प्रतिपक्षाचे बळ

आता प्रतिज्ञेच्या बाजूचा सर्वांत चांगला युक्तिवाद मांडू. ‘मुलांना शिस्त लागते’ हा तो नव्हे. शिस्त कवायतीनेही लागते. खरा युक्तिवाद असा : माणसाच्या घडणीत अर्थाच्या आधी उच्चार येतो. पाढे, श्लोक, अभंग आपण अर्थ कळण्यापूर्वीच पाठ करतो आणि पुढे कधीतरी, बहुधा आयुष्याच्या एखाद्या अवघड वळणावर, त्यांतला अर्थ उमलतो. मूल समजल्यावरच बोलेल असे ठरवले तर भाषासुद्धा शिकता येणार नाही. दुसरे असे की, ज्या समाजात जन्माने माणसे वेगळी केली, तेथे जमीनदाराचे आणि ऊसतोड कामगाराचे मूल एका रांगेत उभे राहून, एकाच स्वरात, सगळे आपले बांधव आहेत असे म्हणते, ही लहान गोष्ट नाही. घरात जे ऐकायला मिळणार नाही ते शाळेत निदान तोंडून निघते.

यांतला दुसरा मुद्दा मला नाकारता येत नाही. पहिल्याला मात्र उत्तर आहे. पाढ्यांना संमती लागत नाही. बे दुणे चार हे मी नको म्हटले तरी चारच राहतात. श्लोकात मी कोणाला बांधून घेत नाही. प्रतिज्ञेत घेतो. करार करण्यास अल्पवयीन व्यक्ती पात्र नाही असे आपला १८७२ चा करार कायदा सांगतो. सोळा वर्षांच्या मुलाने सायकल हप्त्यावर घेण्याचा करार केला तर तो टिकत नाही. याउलट आमदार, खासदार, मंत्री यांच्यासाठी घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे जे नमुने आहेत, त्यांत ईश्वराला साक्ष ठेवून शपथ घ्यावी की ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, याची निवड दिली आहे. सत्तेच्या पदावर बसणाऱ्या प्रौढाला निवड आहे आणि ती शपथ पद ग्रहण करताना एकदा घ्यायची आहे. मुलाला निवड नाही आणि त्याने ती दर सकाळी घ्यायची. रोज नव्याने करावी लागणारी प्रतिज्ञा कालच्या प्रतिज्ञेवरचा अविश्वास तर नव्हे ना, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलीने विचारला तर शिक्षकाने काय उत्तर द्यावे?

५.८ भूमिका

प्रस्तुत लेखकाची भूमिका अशी की प्रतिज्ञा शाळेत असावी; ती न म्हणणाऱ्या मुलाने शांत उभे राहावे आणि त्याची कोणी नोंद घेऊ नये. या भूमिकेतली अडचण मला ठाऊक आहे. कागदावर ‘ऐच्छिक’ लिहिल्याने पाचवीतल्या मुलाला इच्छा प्राप्त होत नाही. साऱ्या रांगेचे ओठ हलत असताना आपले मिटलेले ठेवणे हे मोठ्यांनाही अवघड जाते, आणि गप्प राहणारे मूल मधल्या सुट्टीत एकटे पडते. नियम बदलून हे सुटणार नाही. ते त्या शाळेतल्या शिक्षकाच्या नजरेवर अवलंबून आहे. किडंगूरमध्ये कित्येक वर्षे ती नजर शांत होती आणि मुले शिकत होती, हे पुन्हा एकदा आठवा.

महाराष्ट्रातील शाळांत २६ जानेवारी २०२० पासून परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन सुरू करण्यात आले. वाचन आणि प्रतिज्ञा यांतला भेद येथे उपयोगी पडतो. उद्देशिकेचा कर्ता ‘आम्ही’ आहे, आणि वाचणारे मूल कोणाला वचन देत नाही. ते एका घडून गेलेल्या निर्धाराची ओळख करून घेते. प्रतिज्ञाही अशी वर्गात वाचता येईल. आठवी-नववीच्या मराठीच्या तासाला तिचा उतारा फळ्यावर लिहावा, पाईक म्हणजे काय ते सांगावे, सुब्बारावांचे नाव सांगावे, आणि कोणते वाक्य आज खरे आहे व कोणते अजून व्हायचे आहे हे मुलांना विचारावे.

येथे न्यायशास्त्रातली प्रतिज्ञा परत येते. सारे भारतीय बांधव आहेत हे विधान १९६५ साली सिद्ध नव्हते, आजही नाही. ते साध्य आहे. त्याचा हेतू आणि उदाहरण शाळेने पुरवायचे असते. परिपाठ संपतो, दुपारी पोषण आहाराची खिचडी शिजते, आणि एखाद्या शाळेत एका वस्तीतली मुले ताटे घेऊन वेगळी बसतात किंवा बसवली जातात. सकाळची प्रतिज्ञा आणि दुपारचे उदाहरण यांचा तेथे मेळ बसत नाही, आणि ते बघणारे मूल तर्कशास्त्र न शिकताही निगमन काढते. ओठ न हलवणाऱ्या एका मुलाकडे बोट दाखवणाऱ्या शाळेने त्या दुसऱ्या रांगेकडे कधी पाहिले आहे काय, हे विचारल्याखेरीज सक्तीचा युक्तिवाद मान्य करण्याची माझी तयारी नाही.

५.९ स्वाध्याय

१. ‘शपथ घेणे’ आणि ‘शपथ घालणे’ यांतील भेद स्पष्ट करा. तुमच्या बोलीतील अशी आणखी दोन उदाहरणे द्या.

२. १९४० आणि १९४३ च्या अमेरिकी निर्णयांतील युक्तिवादांची तुलना सुमारे ३०० शब्दांत करा. फ्रँकफर्टर यांचा मुद्दा लिहिताना तो त्यांनाही मान्य होईल अशा शब्दांत लिहा.

३. प्रस्तुत लेखकाची भूमिका तुम्हाला मान्य नसल्यास तिच्यातील सर्वांत कच्चा दुवा शोधा आणि त्यावर हल्ला करणारा निबंध लिहा. मान्य असल्यासही हेच करा.

४. उपक्रम : जवळच्या शाळेतील चौथीच्या तीन मुलांना प्रतिज्ञेतील ‘पाईक’, ‘सौजन्य’ आणि ‘निष्ठा’ या शब्दांचे अर्थ विचारा. त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत, न सुधारता, लिहून आणा. मुलांची व शाळेची नावे लिहू नयेत.